भिंतीवरची सुपं

परवाच्या सभेत दिव्यानीचा हात माझ्या विरोधात वर गेला, त्या क्षणी या गावातला निकेश संपला. म्हणून मी, निकेश लटारू गुरनुले, वय बावीस, धंदा बांबूकाम, शिक्षण बी.ए. अर्थशास्त्र (अर्धवट), राहणार भुयारटोला, तालुका कुरखेडा, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दबावाखाली न येता आणि मोहाचा थेंबही न घेता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. देहाने मी ऊर्जानगरला मामाकडे चाललो आहे, वीज केंद्रातल्या ठेकेदाराकडे कोळशाच्या कामाला. पण इथला माणूस म्हणून मी वारलो असं समजावं, आणि दार लागताच हा कागद अमलात आणावा.

वाद काय होता ते आधी नोंदवतो, नाहीतर लोकेशभाऊ आपल्या सोयीने सांगतील. गावाला जंगलाचा हक्क मिळाला तेव्हा आम्ही बांबूकामाची सहकारी संस्था काढली. पहिला नियम मी लिहिला : उत्पादन गरजेसाठी, नफ्यासाठी नाही. आधी गावाची सुपं, टोपल्या. उरेल ते बाजारात. टाळ्या वाजवून मंजूर झाला. लोकेशभाऊ अध्यक्ष झाले.

यंदा नागपूरच्या एका व्यापाऱ्याने तळहाताएवढी सुपं मागितली. कशाला? हॉटेलच्या भिंतीवर लावायला! सगळा बांबू त्यात गेला. धान खळ्यावर आलं आणि गावात पाखडायला सूप नाही. माझी आई प्लास्टिकच्या घमेल्यात पाखडते. आणि खुद्द लोकेशभाऊंचं लेकरू! पाचवीला बाळाला सुपात निजवायचं, तर करिष्मा वहिनीने त्याला चहाच्या ट्रेमध्ये निजवलं. बांबूचं गाव, बांबूची संस्था, अध्यक्षाचं बाळ, आणि ट्रे!

मी सभेत उभा राहिलो. म्हटलं, माणसांच्या वाढत्या गरजा भागवणं हाच समाजवादी उत्पादनाचा हेतू, हाच मूळ नियम. दुसरा नियम, कशाचं किती करायचं ते प्रमाण सगळ्यांनी मिळून आधी ठरवायचं. भिंतीला किती अन् खळ्याला किती, हे कोणी ठरवलं?

लोकेशभाऊंची बहीण उठली. दिव्यानी.

"निकेश, मीठ, तेल, डॉक्टर, हे गरज नोहे का? ते का बांबूचं विणशीन? सूप बाहेर जाते तवाच मीठ घरी येते."

"मंग तुह्या भाच्याले ट्रे काऊन?"

"तो नाई रडला. तूच रडून राह्यला."

सभा खो खो हसली. पुढचा बांबूही भिंतीलाच, असा ठराव आला. पहिला हात तिचा.

आता वाटणी.

घर बाबांचं आहे, त्यावर माझा दावा नाही. मागची कामाची छपरी मी उभी केली, दार मी बसवलं. ती छपरी ज्याला स्वतःच्या घरासाठी काही विणायचं असेल त्याची.

बांबू फोडायचा कोयता माझा दोस्त जंगूला. अट अशी की त्याने भिंतीवरचं सूप करायचं नाही. (जंगू बाजूला बसून वाचतो आहे. म्हणतो, "मंग कोयत्यानं दात कोरू का बे?" अट कायम.)

अर्थशास्त्राचं गाइड चंद्रपूरच्या आमच्या सरांना परत. मी विचारलं होतं, सर, हे नियम करून कुठं पाहायचे? म्हणाले, "हे परीक्षेत लिहायचं असते, करायचं नसते." त्याच दिवशी मी बॅग उचलली होती.

संस्थेतलं माझं सभासदत्व आईला. ती सभेत बोलणार नाही, पण तिने दर सभेला घमेलं घेऊन जावं आणि अध्यक्षांसमोर ठेवावं.

लोकेशभाऊंना माझा राग, काहीही वजावट न करता.

दिव्यानी. इथं पेन अडतो. मिठाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. सापडलं तर ऊर्जानगरहून कळवीन. घरामागच्या बेटातला हिरवा बांबू तोडून सभेनंतर मी एक पूर्ण मापाचं सूप विणलं आहे. ते तिच्या हाती द्यावं. विकायचं नाही, भिंतीला टांगायचं नाही. बारशाला करिष्मा वहिनीच्या बाळासाठी, मग ज्या घरी लेकरू येईल त्या घरी. कधीतरी दिव्यानीचंही लेकरू त्यात निजेल. बाप मी नसलो तरी सूप माझंच असेल.

साक्षीदार :
१. जंगू मडावी (सही)
२. रुखमाबाई, शेजारीण (अंगठा). "मेल्याबिगर मयताचा कागद? पोट्टं पागल झालं, हेबी लिव," म्हणते. लिहिलं.

निकेश लटारू गुरनुले (सही)
स्थळ : भुयारटोला. दिनांक : १४ डिसेंबर २०२४

ता. क. जंगू पुसतो, "तेथी कोळसा कोणाच्या गरजेसाठी जाळतेत बे?" पाहून सांगतो. सूप आत छपरीत, खाटेवर ठेवलं आहे. ही ओळ उंबऱ्याबाहेर उभा राहून, कागद दारावरच धरून लिहितो आहे. आता तो कडीत अडकवतो.

दार लावलं.