माझ्या आधी आलेली

शनिवार, २६ ऑक्टोबर १९६८

पोचले एकदाची. हॅलिफॅक्सहून निघाले तेव्हा पाऊस होता आणि यॉर्क स्टेशनात उतरले तर लख्ख ऊन. मार्ज फलाटावर काठी टेकून उभी होती. तिचं खुब्याचं दुखणं फार वाढलंय, पण पत्रात त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. नऊ वर्षांनी भेटलो. काय बोलायचं ते सुचणार नाही अशी मला धास्ती होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "हिल्डा, हा कोट अजून टाकला नाहीस?" मी म्हटलं, कोट धडधाकट आहे, तुझी नजर बिघडलीय. झालं. पुढं बसमध्ये आम्ही दोघी बहिणी अशा बोलत होतो, जणू परवाच भेटलो होतो.

तिचं घर लार्चफील्ड लेनमध्ये, शहराच्या तटबंदीपासून बसनं पंधरा मिनिटांवर. सारख्या विटांची जोडघरं, नीट कापलेली कुंपणं, आणि शांतता एवढी की कुणी दाराची कडी लावली तर चार घरांपलीकडं ऐकू यावी. समोरच्या दोन घरांमधून एक बोळ खाली नदीकडं जातो. मला वरची पुढची खोली दिलीय, खिडकीतून सगळा रस्ता दिसतो. चहाबरोबर मार्जनं आल्याचा केक केला होता, आईच्या पद्धतीचा. मी तीन तुकडे खाल्ले.

समोर मिसेस लॉफ्टहाउस राहतात. त्यांचे पाय अधू आहेत, त्यामुळं दिवसभर पुढच्या खिडकीत बसून असतात. काच वर करून त्यांनी आमचं स्वागत केलं. मला म्हणाल्या, "काल फाटकाशी बॅग घेऊन उभ्या होतात ना? मी हात केला, तुम्ही बघितलंही नाहीत." काल या वेळी मी हॅलिफॅक्सला ती बॅग भरत होते. मार्ज घरात येऊन हसत म्हणाली, चष्म्याचा नंबर बदलायला हवाय म्हातारीचा.

रविवार, २७ ऑक्टोबर

सकाळी चर्च, दुपारी भाजलेलं मटण आणि बटाटे. जेवणानंतर भांडी पुसता पुसता मार्ज म्हणाली की आईच्या दफनाच्या दिवशी ती मला वाट्टेल ते बोलली, ते तिला नऊ वर्षं डाचत होतं. "दिवसभर टेलिफोन एक्स्चेंजात बसून दुसऱ्यांचे फोन जोडतेस, मला एक फोन करता आला नाही तुला," असं ती चारचौघांत म्हणाली होती. आई इतकी अचानक गेली, त्याला तू काय करणार, असं म्हणून तिनं आज माझी माफी मागितली.

मी बशी पुसत राहिले. ठीक आहे गं, एवढंच म्हटलं.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

कोपऱ्यावरच्या खाटकाकडं गेले. त्याचं नाव डॅगेट, लालबुंद गाल, जीभ फार सैल. मी पहिल्यांदाच दुकानात पाऊल टाकत होते, तर हा म्हणतो, "काय बाई, कालचे गुर्दे कसे झाले?" मी सांगितलं की काल मी आलेच नव्हते. त्यावर रांगेतल्या बायकांकडं बघून डोळा मारत म्हणाला, "आल्या होत्या, बोटानं गुर्दे दाखवले, मी बांधेपर्यंत गायब. तोंडातून शब्द नाही. आणि इतक्या निथळत होत्या की मला लाकडाचा भुसा टाकून फरशी कोरडी करावी लागली. आज बोलताहेत, आपलं नशीब." बायका हसल्या. मलाही हसू आलं.

घरी येताना आठवलं की मी गुर्देच घ्यायला गेले होते. आणि काल दिवसभर पावसाचा थेंब नव्हता.

बुधवार, ३० ऑक्टोबर

मिसेस लॉफ्टहाउसनी काच वर करून विचारलं, गुडघा कसा आहे. मी विचारलं, कुठला गुडघा. तर म्हणे काल संध्याकाळी टपालपेटीपाशी मी आपटले, त्या मदतीला ओरडल्या, मी उठून मुकाट्यानं निघून गेले. काल संध्याकाळी मी मार्जसोबत विणत बसले होते. माझ्यासारखी दिसणारी कुणी बाई या भागात राहत असणार. मार्जला सांगितलं तर ती म्हणाली, तुझ्यासारखी आणखी एक असेल तर देवानं यॉर्कचं भलं करावं.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

पडले. काल संध्याकाळी टपालपेटीपाशी, ओल्या पानांवर पाय सरकून. उजवा गुडघा सोलवटला आणि टम्म सुजलाय. मिसेस लॉफ्टहाउस काठ्या घेऊन दारापर्यंत आल्या, मला हाका मारत होत्या. मला त्यांच्याकडं बघवलं नाही. उठले आणि काही न बोलता लंगडत घरात आले. आत आल्यावर लक्षात आलं की मी जसंच्या तसं केलं.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

गुडघ्याला पट्टी बांधून लंगडत रस्ता ओलांडला आणि मिसेस लॉफ्टहाउसकडं गेले. त्या साध्या बाई आहेत, थट्टा करणाऱ्यांतल्या नाहीत. मी खरं काय ते सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दूरचं मला तुमच्याहून चांगलं दिसतं, म्हणाल्या, चष्मा फक्त वाचायला लागतो. मग सांगितलं की आज सकाळी त्यांनी मला बसथांब्यावर पाहिलं. बॅग मांडीवर, अंगावरून पाणी गळतंय, आणि दोन बस आल्या नि गेल्या तरी मी उठले नाही. मी सकाळी अंथरुणातच होते.

ती माझ्या एक दिवस पुढं आहे. आज ती करते ते उद्या मी करते.

शनिवार, २ नोव्हेंबर

ठरवलं होतं की काही झालं तरी आज थांब्यावर जायचं नाही. सकाळी उठले तर वाटलं, इथून निघूनच जावं. आपल्या घरी गेले की हे सगळं मागं पडेल. मार्ज आंघोळीला गेली तशी बॅग भरली आणि बाहेर पडले. थांब्यावर बसल्यावर कळलं की मी कुठं येऊन बसलेय.

पहिली बस आली. उठले नाही. दुसरी आली. कंडक्टर म्हणाला, "येताय का बाई, की नुसता वारा खाताय?" मी नकारार्थी मान हलवली, आणि बस गेल्यावर बॅग उचलून घरी परतले.

मार्जला न सांगता गेले असते तर पुन्हा नऊ वर्षं. आणि तिला जे सांगायला आले होते ते अजून सांगितलेलंच नाही. निदान इथं लिहिते. आई अचानक गेली नव्हती. तीन दिवस ती मार्जचं नाव घेत होती. मी तिला सांगत राहिले की फोन केलाय, मार्ज निघालीय, येईलच. मी फोन केला नव्हता. कामावर गेले, शेकडो लोकांचे फोन जोडले, तो एक जोडला नाही. आईचं सगळं मी काढत होते आणि मार्ज वर्षातून एकदा केक घेऊन यायची. वाटलं होतं, बसू दे तिला एकदा चटका. उद्या करू, उद्या करू म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी आई गेली.

आणि माफी मार्जनं मागितली.

सोमवार, ४ नोव्हेंबर

काल दिवसभर घराबाहेर पाऊल टाकलं नाही. मिसेस लॉफ्टहाउसकडं बघितलंही नाही.

आज सकाळी मार्ज वैतागली होती. दारातलं पायपुसणं चिंब, आणि तिथून जिन्यापर्यंत ओल्या पावलांचे ठसे. "हिल्डा, बूट तरी काढत जा." मी रात्रीपासून खाली उतरलेच नव्हते. ठसे अनवाणी पायांचे होते. डावं पाऊल पुरतं, उजव्याची नुसती बोटं, जसं लंगडताना पडतं. मी पुसून काढले. पाण्याला गाळाचा वास होता.

दुपारी मार्ज दुकानातून परतली, पिशवी टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "माझ्यावर रागावलीयस का? बोळाच्या तोंडाशी उभी होतीस, मी दोनदा हाक मारली. पाठ फिरवून चालती झालीस. माझ्या पायानं मला तुला गाठता येतं का?"

म्हणजे आता मार्जलाही दिसली.

तिला सांगायला सुरुवात केली. आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल तुला एक सांगायचंय, इथपर्यंत आले. मार्जनं काठी बाजूला ठेवली आणि माझा हात हातात घेतला. मी तो सोडवून घेतला. उठून वर आले, दार लावून घेतलं. ती बाहेर बराच वेळ उभी होती.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

सकाळपासून पोरं मैदानात पाच नोव्हेंबरच्या रात्री दरसाल पेटवतात त्या शेकोटीसाठी लाकडं रचताहेत. डोंगराकडं पाऊस झालाय, नदी चढलीय, खालची कुरणं पाण्याखाली गेलीत असं दूधवाला सांगत होता.

संध्याकाळी चार वाजता मिसेस लॉफ्टहाउसनी शेजारणीबरोबर चिठ्ठी पाठवून बोलावून घेतलं. त्यांनी चहा विचारला नाही. शेजारी बसवून माझा हात धरला. म्हणाल्या, सांगावं की नाही, तासभर विचार करतेय. मी म्हटलं, सांगा.

आज तीन वाजता. मी धावत आले, बोळात शिरले, खाली नदीकडं गेले.

मी सांगितलं की या गुडघ्यानं मला धड जिनाही उतरता येत नाही, आणि मी वीस वर्षांत धावलेली नाही. त्या म्हणाल्या, धावत होतात. मी विचारलं, परत कधी आले. त्या खिडकीकडं बघत राहिल्या. मी पुन्हा विचारलं.

"मी खिडकीतून हललेच नाही हो," एवढंच म्हणाल्या.

म्हणजे उद्या. उद्या तीन वाजता.

बुधवार, ६ नोव्हेंबर. सकाळ

झोप नाही. ठरलं. खोलीतून बाहेर पडायचं नाही. दाराला कुलूप, किल्ली उशीखाली. तीन वाजून गेले की संपलं. मग खाली जाऊन मार्जला सगळं सांगेन. काय म्हणायचं ते म्हणू दे.

साडेबारा

मार्ज जेवायला बोलवून गेली. डोकं दुखतंय म्हटलं. ताट दाराबाहेर ठेवलंय तिनं. दार उघडलं नाही.

दोन

मार्ज पुन्हा आली. दाराबाहेरच जिन्याच्या पायरीवर बसली असावी, धाप लागली होती. म्हणाली, "जे काही असेल ते असू दे. परत निघून जाऊ नकोस म्हणजे झालं. या वेळी मी तुला जाऊ देणार नाही."

मी तोंडात रुमाल कोंबून बसले. आत्ताच सांगायला हवं होतं. दारातून सुद्धा सांगता आलं असतं. एक तास. फक्त एक तास काढायचा.

अडीच

खाली दार वाजलं. मार्जचा आवाज— "हिल्डा? अगं, तू खाली कधी आलीस?"

मग काही नाही.

मी इथं आहे. मी वर आहे. ओरडायला हवं होतं, मी उशीवर हात दाबून बसले—

पावणेतीन

पुन्हा पुढचं दार. फाटक.

खिडकीतून दिसतेय. पुढं ती. माझा राखाडी स्कर्ट, माझे केस पाठीला चिकटलेले. स्वतःची पाठ कधी पाहिली नव्हती, तरी ओळखली. मागं मार्ज, काठी टेकत, कोट न घालता, हाका मारत. माझ्या नावानं.

तिनं आज यायला नको होतं. ती कालच गेली. कालच नदीत—

ती धावत नाहीये. हळूहळू चालतेय. मार्ज मागं पडली की थांबते. मार्जला गाठता येईल असं वाटावं, एवढ्या बेतानं.

समोरच्या खिडकीत मिसेस लॉफ्टहाउस काचेवर थापा मारताहेत. मार्ज बघत नाही.

खिडकी उघडली. हाक मारली. जीव खाऊन मारली. मार्जनं वळून पाहिलं नाही. पुढचीनं पाहिलं.

बोळाच्या तोंडाशी पोचल्या. खाली पाणी आहे, मार्जला ठाऊक आहे, तरी ती जाणार. मला सोडून ती परत फिरणार नाही—

मी इथं बसले तर मी वाचते. एवढंच करायचंय. बसून राहायचं. पूर्वी केलं तसं.

किल्ली सापडली.

मार्ज, तू परत आलीस आणि हे वाचलंस तर— आईनं तीन दिवस तुझी वाट पाहिली. मी तुला फोन