अण्णा गाडीतून उतरत नाहीत

३ मार्च

ती. ताईस,
ढब्बूचा शि. सा. न. वि. वि.

आपली जुनी गाडी गेली. चोरीला नाही, जागच्या जागी गेली. शाळेच्या फाटकाशी धाकटीने दार उघडलं आणि दार तिच्या हातातच आलं. पोरगी शिस्तीची, दार घेऊन थेट वर्गात. बाईंनी विचारलं तर म्हणाली, बाबा म्हणतात दार उघडं टाकून जायचं नाही.

आता नवी घ्यायची तर घरात उभी फूट पडली आहे. मला हवी आहे पेट्रोलवर चालणारी वॅगन. लांबडी, बुटकी, लाल, आणि सुरू केली की अशी गुरगुरते की अंगावर काटा येतो. मागे माझ्या धंद्यातले कवळ्यांचे साचे न्यायला ऐसपैस जागा आहे असं मी हिला पटवायला गेलो, तर म्हणाली, साचे मुठीएवढे असतात, तुला काय हत्तीची कवळी करायची आहे? हिला हवी आहे प्लग-इन हायब्रिड एसयूव्ही. म्हणजे मिक्सरसारखी भिंतीला लावायची गाडी. बॅटरी असेतो विजेवर चालते, संपली की पेट्रोलवर. उंच आणि पांढरी. मी म्हटलं, हा तर फ्रिज आहे. तुला माहीतच आहे, ही दिवसभर तलावावर पोहायला शिकवते, त्यामुळे तिचं साधं बोलणंही पलीकडच्या काठाला ऐकू जातं. खालच्या मजल्यावरच्यांना आमची सगळी चर्चा पाठ आहे. त्यांचं मत वॅगनला.

दोन मुली दोन बाजूंना. राहिले अण्णा. पण तू त्यांना लायसन्सच्या परीक्षेत नापास केलंस तेव्हापासून त्यांचं एकच: चालवू देत नसाल तर बसणारही नाही. मोतीबिंदू काढायलासुद्धा चालत गेले. दोन डोळे, म्हणून दोनदा. तुझं पत्र आलं की पाकीट उलटसुलट बघतात आणि माझ्याकडे देतात.

काय करू, कळव. भाऊजींना नमस्कार. माझ्यावरची माया आणि माझ्यावरचं हसणं, दोन्ही चालू ठेव.

तुझा,
ढब्बू

९ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

दाराचं वाचून मी भर कार्यालयात हसले. समोर परीक्षेला आलेला उमेदवार बिचारा घाबरून गेला.

लाल गाडीबद्दल सरकारी नोकरीतला अनुभव सांगते. चाळिशी उलटलेले पुरुष लाल गाडी घेऊन येतात, पोट आत घेऊन बसतात आणि पहिल्याच वळणावर श्वास सोडतात. तू श्वास सोडून बसता येईल अशी गाडी घे.

अण्णांचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. मी त्यांना नापास केलं ते बरोबरच केलं. त्यांनी गाडी फुटपाथवर चढवली आणि बसथांब्यावरच्या माणसांना म्हणाले, सरका, लिफ्ट भरली. दिसत नव्हतं आणि दिसत नाही हे कबूल करायचं नव्हतं. आई असती तर तिने गोडीगुलाबीने सांगितलं असतं. मला तशी हातोटी नाही. मी निकालाचा कागद पुढे केला, तर मला म्हणाले, आभारी आहे, बाई. ढब्बू, त्यांनी मला बाई म्हटलं. कागद घडी घालून खिशात ठेवला आणि माझ्याकडे न बघता गेले. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

असं कर. दोन्ही गाड्या चालवून बघायला म्हणून एकाच दिवशी घरी मागव. अण्णांचं मत विचारू नकोस. बॉनेट उघडं टाक आणि सगळे वर निघून जा. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस उघडं यंत्र बघून घरात बसायचा नाही.

फोन करू नकोस, फोनवर आपण भांडतो. लिही. मुलींना गोड पापा.

तुझी,
ताई

२१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा सल्ला ऐकला आणि आमचं घर उलटंपालटं झालं.

दोन्ही गाड्या आल्या. वॅगन किती निरुपयोगी आहे हे दाखवायला ही चावी घेऊन एकटीच निघाली. आली ती जेवण गार झाल्यावर. केस सुटलेले, गाल लाल. खाली उतरून अगदी हळू म्हणाली, हीच घ्यायची. इतकं हळू बोलताना मी तिला लग्नातही ऐकलं नव्हतं. इकडे मी तो फ्रिज चालवून बघितला. ताई, त्यात आवाजच नाही गं! दिवसभर कवळ्या घासणाऱ्या यंत्राजवळ बसणाऱ्या माणसाला ही शांतता म्हणजे काय, तुला कळणार नाही. सिग्नलला माझे डोळे भरून आले. तेव्हा आता मला पांढरी हवी आहे आणि हिला लाल. भांडण तेच, वाक्यंही तीच, फक्त माणसं बदलली. खालच्या मजल्यावरचे तक्रार करायला आले होते, आता त्यांनी कुणाची बाजू घ्यायची म्हणून.

पण खरी गंमत पुढेच. अण्णा खाली आले. लाल गाडीचा आवाज ऐकून म्हणाले, हिला बरं नाही. मग पांढरीची वायर हातात घेऊन बघितली, बॉनेटमध्ये डोकं घातलं, आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. दार लावून घेतलं. ते आजतागायत उतरलेले नाहीत. म्हणजे अंघोळीला आणि झोपायला वर येतात, बाकी मुक्काम गाडीत. मी म्हटलं, तुम्ही तर बसणार नव्हता. म्हणाले, गाडी उभी आहे, आणि उभ्या लिफ्टमध्ये बसलं म्हणजे कुठे जातोय असं होत नाही.

गाडी शोरूमची, म्हणून त्यांचा सेल्समन रोज सकाळी टाय लावून येतो आणि अण्णांच्या शेजारी बसतो. वयस्कर, जाडजूड, फार सज्जन माणूस. म्हणतो, गिऱ्हाईक गाडीत आहे तोवर मला गाडी परत मागता येत नाही. दोघं खिडक्या लावून तासन्तास काहीतरी बोलतात. मी काच वाजवली तर अण्णा हाताने 'पुढची लिफ्ट घ्या' अशी खूण करतात. काल ही त्यांना ताट द्यायला गेली तेव्हा सेल्समन कसला तरी फॉर्म भरत होता. आज अण्णांनी फोटो काढून घ्यायला चांगला शर्ट मागितला.

मला काळजी वाटते गं. म्हातारपणी माणसं वेगळ्याच गोष्टी धरून बसतात, पण ही गोष्ट शोरूमची आहे. तूच काही सुचव. भाऊजींना नमस्कार, आणि मला विसरू नकोस.

तुझा,
ढब्बू

२६ एप्रिल

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

काल फोनवर तू इतका ओरडत होतास की अण्णा माझ्याकडे सुखरूप आहेत एवढंच सांगून मी ठेवला. बाकीचं आता वाच.

काल दुपारी मी आवारात उमेदवारांची नावं पुकारत होते. एक नाव वाचलं आणि जीभच अडखळली. फाटकातून ती तुझी पांढरी गाडी आली, आवाज न करता. तुझे टायवाले सेल्समन चालवत होते, शेजारी अण्णा, इस्त्रीचा शर्ट घालून. हातात शिकाऊ परवाना आणि डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला. तो फॉर्म कसला होता ते आता कळलं ना?

मी साहेबांकडे धावले. म्हटलं, वडील आहेत, मला परीक्षा घेता येणार नाही. साहेब म्हणाले, एकदा नापास केलंय ना, मग तुमच्याइतका निःपक्षपाती परीक्षक मी कुठून आणू?

अण्णा चालवायला बसले, मी शेजारी, टायवाले मागे. मी म्हटलं, डावीकडे घ्या. म्हणाले, घेतो बाई. पुढे थांबा. थांबतो बाई. सुंदर चालवत होते रे. आरसे बघत होते, म्हातारीला रस्ता ओलांडू दिला, गाडी मागे घेतली ती रेघ मारल्यासारखी. मी पास पास अशा खुणा करत गेले आणि माझं मलाच रडू येईल अशी भीती वाटायला लागली. शेवटचा चौक आला. मी म्हटलं, उजवीकडे, कार्यालयात घ्या. अण्णा सरळ गेले. मी पुन्हा म्हटलं, उजवीकडे. तेवढ्यात गाडीतल्या नकाशातली बाई म्हणाली, सरळ जा. अण्णा म्हणाले, तिने आधी सांगितलंय. बॅटरी संपली, पेट्रोलचं इंजिन सुरू झालं, तरी हे सरळच. परीक्षकाची सूचना मोडली की नापास, हे मी त्यांना दोनदा बजावलं. टायवाले मागून म्हणाले, अण्णासाहेबांना ठाऊक आहे, मीच नियम वाचून दाखवलेत.

गाडी थांबली ती माझ्या दारात. ज्या नव्या घरात अण्णांनी रागापायी आजवर पाऊल ठेवलं नव्हतं, त्या घराच्या. पत्ता त्यांनी माझ्या पत्रांच्या पाकिटांवरून पाठ केला होता आणि टायवाल्यांनी तो गाडीत भरला होता. अण्णांनी हँडब्रेक लावला, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, ताई, मला नापास कर आणि चहा टाक.

मी कागदावर नापास लिहिलं. सही वेडीवाकडी आली. मग चहा टाकला. टायवाल्यांनी तीन कप घेतले. अण्णा सगळ्या खोल्या हिंडून आले, दारं लावून उघडून बघितली, आणि आमच्या इमारतीची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर का कण्हते ते शोधायला गेले. ते अजून तिथेच आहेत.

गाडीचं म्हणशील तर तुझ्यासाठी प्रश्न उरलेला नाही. खाली अण्णांनी दोन ओळी लिहिल्या आहेत. तुझ्या बायकोला माझे आशीर्वाद सांग आणि तिच्या शेजारी पट्टा बांधून बस. येत जा, लिहीत जा.

तुझी,
ताई

ता. क. चि. ढब्बू, पांढरी गाडी मी विकत घेतली आहे. तिची वाट बघू नका. तुम्ही लाल घ्या आणि सूनबाईंना चालवू दे, तू साचे धर. पुढची परीक्षा महिन्याने. तोवर मुक्काम इथेच. ताई म्हणते, उजवीकडे म्हटलं की उजवीकडे वळायला शिकलं पाहिजे. शिकेन. घाई नाही. — अण्णा