तिसरा चौकोन

४ जानेवारी
नवं काम लागलं! काम म्हणजे काय, तर हात पुढे करून बसायचं. लाँड्रीत बारा वर्षं साबणाच्या पाण्यात घातलेले हात. त्यांच्या भेगांनीच आज नोकरी मिळवून दिली. लोशनची चाचणी आहे, तीन आठवड्यांची. खोली पांढरी, थंड आणि मुद्दाम कोरडी ठेवलेली. तासाभरात ओठ फुटतात. डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत पेनाने चार चौकोन आखले. त्यातल्या तिनांत तीन लोशनं, चौथा तुलनेसाठी कोरा. एक चष्मेवाला गृहस्थ कातडीवर यंत्र टेकवून ओलावा मोजतो. मी मनातल्या मनात त्याचं नाव मापाडी ठेवलंय. उजव्या हाताला काही लावायचं नाही आणि रोज काय वाटतं ते लिहायचं, असं त्याने बजावलं. म्हणून ही वही. ताई म्हणते, बसून खायचे धंदे. म्हणू दे.

७ जानेवारी
पहिल्याने खाज सुटते. दुसरं चिकट. तिसरं मात्र जादू आहे! भेगा मिटल्या, कातडी लोण्यासारखी. मापाडीने तिसऱ्याची बाटली घरी दिली, डाव्या पंजालाही लावा म्हणाला. आमची ठमी सहा वर्षांची. माझे हात टोचतात म्हणून वेणी घालताना रोज घर डोक्यावर घेते. आज मुकाट बसली. वर म्हणाली, आई, हा हात ठेव, तो दुसरा बदलून आण. हसून हसून पुरेवाट झाली.

१० जानेवारी
चौथा चौकोनही मऊ झालाय. तिथे मी काहीच लावलेलं नाही. मापाडीने तीनदा यंत्र टेकवलं, आकडा लिहिला.

१३ जानेवारी
इस्त्री करत होते. जळका वास आला, वाटलं ठमीचा फ्रॉक गेला. ताई ओरडत आली आणि तिने माझा हात इस्त्रीखालून ओढून काढला. दुखलं नाही. जराही नाही. संध्याकाळपर्यंत नवी कातडी आली, तुकतुकीत. मापाडीला सांगितलं तर त्याने माझ्यासमोर लिहिलं – आराम, पूर्ण. घाबरायला हवं होतं. पण आतून काही हललंच नाही.

१६ जानेवारी
लोशन तीन दिवस बंद आहे. तरी बधिरपणा खांद्यापर्यंत आला. शेजारच्या खुर्चीवर एक स्वयंपाकीण बसायची. उकळतं पातेलं हातानेच उतरवते, म्हणून फुशारकी मारायची. आज खुर्ची रिकामी. मापाडी म्हणाला, काम सोडून गेल्या. त्यांची पिशवी, चपला, चष्मा तिथेच आहे. चपला सोडून कोण जातं?

१८ जानेवारी
शाळेतून येताना ठमी रस्ताभर रडत होती. मला वाटलं, फुग्यासाठी हट्ट. घरी येऊन पाहिलं तर तिचं मनगट माझ्या डाव्या मुठीत, काळंनिळं. सोडायला गेले. बोटं सुटेनात. उजव्या हाताने एकेक उलगडावी लागली. करंगळी पुन्हा मिटली.

१९ जानेवारी
ताईला म्हटलं, हिला घेऊन जा, मी बोलावलं तरी आणू नकोस. ताई रडली. ठमी मागे वळून बघत होती. मला रडू आलं नाही. एवढंच कळत होतं की यायला हवं. दाराला कडी घातली. जरा वेळाने पाहिलं तर डावा हात कडी काढत होता.

२१ जानेवारी
मानेपर्यंत आलं. आता छातीही. मापाडीचा फोन. शेवटचं माप राहिलंय म्हणाला. मी येणार नाही म्हटलं. तो म्हणाला, तुम्ही नाही आलात तरी चालेल.
हात येईल, म्हणाला.

२२ जानेवारी, सकाळ
मनगट पलंगाला ओढणीने बांधून झोपले होते. उठले तर ओढणी घडी घालून उशाशी – व्यवस्थित, लाँड्रीत घालतात तशी –
कपाटासमोर बसून लिहितेय. उजव्याने. श्वास पुरत नाहीये. का ते –
डावा कुठे आहे ते बघावं लागतं. वहीवर नाही. मांडीवर नाही.
डोळ्यांपुढे काळं येतंय. कपाटाच्या आरशात बघते –
गळ्या