उघडा राहिलेला फोन

हाकोदाते,
४ एप्रिल

ती. आईस,
उनसिलचा सा. न. वि. वि.

आई, पोचले! तू दिलेल्या किमचीच्या लोणच्याची बरणी मात्र वाटेत फुटली आणि माझ्या पेटीतले सगळे कपडे लसणीच्या वासाचे झाले. कचेरीत पहिल्या दिवशी मी दिसायच्या आधी माझा वासच सगळ्यांना भेटला.

काम इतकं आवडलंय की झोप लागत नाही. कचेरी छोटी आहे, पण आपल्या देशाची इथल्या सरकारशी मासेमारीची सगळी बोलणी इथूनच चालतात, आणि तिचे सगळे फोन आता माझ्या ताब्यात आहेत. फोन दोन जातींचे. साधे फोन बाहेर, ते माझ्या बोर्डावरून जातात. आतल्या बंद खोलीत गुपिताचा फोन. त्याची किल्ली फिरवली की आपलं बोलणं तारेवर भरडून निघतं. मधे कुणी कान लावला तर त्याला नुसती खरखर ऐकू येते, पण सोलमध्ये तसलीच किल्ली लावून बसलेल्या माणसाला शब्दन् शब्द स्पष्ट. या जागेवर आजवर बाईमाणूस पाठवलेलं नाही. जमलं नाही तर परत बोलावू, असं मला निघतानाच स्वच्छ सांगितलंय.

आमचे मुख्य नामगुंग साहेब साठीला आलेत आणि फार सभ्य आहेत. गुपिताच्या फोनच्या खोलीत साधा फोन असता कामा नये, हा पहिला नियम. ती खोली त्यांचीच, म्हणून तिथला साधा फोन मी उचलून बाहेर नेला, तर खेळणं काढून घेतलेल्या पोरासारखं तोंड केलं त्यांनी. तरी ओरडले नाहीत.

थेसिकदादाला सांग, बोटीला रंग देताना या खेपेला अंगाला कमी लाव. तुझी माया आहेच, तिच्यात थोडा लसूण कमी घाल.

तुझी,
उनसिल

जुकब्यन,
१९ एप्रिल

चि. उनसिल हिस,
आईचे पोटभर आशीर्वाद.

एक पत्र पाठवून गप्प बसलीस, मग मी काय करायचं? दातांच्या डॉक्टरचं स्थळ आलंय, मुलगा उंच आहे, दात स्वतःचे आहेत. तेवढं कळवावं म्हणून पोस्टात जाऊन तुझ्या कचेरीलाच फोन लावला. खर्चाचं बोलू नकोस.

तू नव्हतीस. वारा सुटला म्हणून फोनच्या तारा बघायला गच्चीवर गेली होतीस म्हणे. फोन खुद्द तुझ्या साहेबांनी घेतला! उनसिलची आई म्हटल्यावर बसल्या जागी वाकले असणार, आवाजच तसा झाला. मुलगी फार कडक आहे म्हणाले. मी म्हटलं, लहानपणापासून तशीच आहे, आणि मग जरा सविस्तर सांगायला लागले. तेवढ्यात त्यांच्याकडे दुसरा फोन वाजला. आई, जरा थांबता का, म्हणून त्यांनी फार नम्रपणे विचारलं. एवढ्या मोठ्या माणसानं थांबा म्हटल्यावर आपण फोन ठेवणं बरं दिसतं का? मी थांबले.

पोरी, ते पलीकडे बोलत होते ते मला सगळं ऐकू आलं. अगदीच अडलं तर समुद्राचा उत्तरेचा पट्टा सोडून द्यायचा, असं ठरलंय ना? मग आपल्या थेसिकची बोट कुठे जाणार? तो माकूल पकडतो तो तिथेच. पोरगा सकाळपासून निळ्या रंगात बुडालाय, माकूल उजेडाकडे येतात म्हणून नवे दिवे लावलेत, आणि वर शीळ घालतोय. त्याला सांगू की नको? उलट टपाली उत्तर दे.

आशीर्वाद कमी पडले तर मागून घे.

आई

हाकोदाते,
२७ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

आई, हे पत्र वाचून चुलीत घाल. आणि आधी हे वाच: कुणाला सांगू नकोस. दादाला नाही, मावशीला नाही, देवळातही मोठ्यानं पुटपुटू नकोस.

तुझं पत्र वाचून मी आधी साहेबांची खोली तपासली. मी गच्चीवर गेल्यावर साहेबांनी लांब वायर ओढून साधा फोन गुपचूप आत घेतला होता. दोन खोल्यांत पळायला गुडघे साथ देत नाहीत, हे कारण. बरं, तुझा फोन चालू असताना सोलचा वाजला. वडीलधाऱ्या बाईनं फोन ठेवायच्या आधी आपण कसा ठेवायचा, म्हणून त्यांनी तो उशीवर अलगद टेकवला आणि गुपिताचा उचलला. तू त्यांचा मान राखायला थांबलीस, त्यांनी तुझा मान राखायला फोन उघडा ठेवला. तुम्ही दोघं एकमेकांना मान देत होतात आणि देशाचं गुपित उघड्या तारेवरून जुकब्यनच्या पोस्टात येत होतं! फोन चालू असला की बोर्डावर त्याचा दिवा लागतो, गुपिताचासुद्धा; मी तिथे असते तर एकाच खोलीचे दोन दिवे लागलेले पाहून त्याच क्षणी तार उपटली असती.

तुझं पत्र मी साहेबांपुढे ठेवलं. रागावू नकोस. दुसरं काही करणं मला जमलं नसतं. ते स्वतःच म्हणाले की सोलला कळवायलाच हवं. आज कळवलं. खोली सांभाळणं माझं काम, म्हणजे बोल मलाच लागणार. कदाचित हे तुला मिळेपर्यंत मी सामान बांधत असेन.

दादाचं मलाही कळतं गं. लहानपणी मला पाठीवर घेऊन धक्क्यावर फिरायचा तो. पण तू बोललीस तर तो बोट विकेल, त्याच्यामागे सगळा धक्का विकायला धावेल, आणि बोलण्यांत पलीकडे बसलेल्यांना न विचारता कळेल की आपण कुठे नमणार. तोंड मिटून माया कर, एवढंच मागते.

तुझी,
उनसिल

जुकब्यन,
९ मे

चि. उनसिल हिस,
आशीर्वाद आहेतच, पण आज रागावून दिलेत असं समज.

सोलहून दोन माणसं येऊन गेली. सभ्य होती, भात खाऊन गेली. कुणाला सांगितलंत का, विचारलं. नाही म्हटलं. खरं तेच सांगितलं.

पण तुझं काय जातंय सांगायला? रोज मी त्याच्यासमोर बसते. परवा उल्सानचा एक माणूस बोट विकत घ्यायला आला. भाव चांगला देत होता. थेसिकनं त्याला हसून चहा पाजला आणि परत पाठवलं. म्हणाला, या मोसमाची आम्ही वर्षभर वाट पाहतोय. मी आत जाऊन भांडी घासली. घासलेली होती, तीच परत घासली. माणूस अजून गावातच आहे, खाणावळीत उतरलाय. माझ्या एका शब्दाचं काम आहे. तू मला हे काय करायला लावलंस?

डॉक्टरला मी नकार कळवला. एवढी कडक बायको त्याला झेपायची नाही.

लोभ आहे, पण सध्या दात-ओठ खाऊन आहे.

आई

हाकोदाते,
६ जून

माझ्या सोन्यासारख्या आईस,
साष्टांग नमस्कार, दोनदा!

तुला रेडिओवर कळलंच असेल. करारावर सह्या झाल्या! उत्तरेचा पट्टा आपल्याकडेच राहिला! इथे आम्ही टेबलं बडवली, साहेबांनी गुडघे विसरून नाच केला.

आता सह्या झाल्यावर साहेबांनी एवढंच सांगायची मुभा दिली आहे, म्हणून सांगते. तू ऐकलंस ते खरं होतं. पण आमच्या कामात एक रीत आहे: गुपित एकदा उघड्या तारेवर गेलं की ते नासलं, मग कुणी ऐकलं असो वा नसो. नासलेलं वापरायचं नाही. आम्ही कळवलं तेव्हा सोलनं तो पट्टा सोडायची वाटच बंद करून टाकली. मग आपल्या माणसांना अडून बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ते बसले, आणि शेवटी पलीकडचेच नमले. कळवलं नसतं तर पट्टा गेला असता, आई.

मी इथेच राहते आहे! साहेबांनी सगळा दोष स्वतःच्या सहीनं स्वतःवर घेतला. त्यांना बोलणी बसली, पण जागा राहिली. आणि सगळ्या कचेऱ्यांना नवा हुकूम गेलाय की गुपिताचा फोन वाजला की साधा फोन तिथल्या तिथे ठेवायचा, मग पलीकडे मंत्र्यांची आई का असेना.

दादाला माझा पापा दे. कारण सांगू नकोस.

तुझ्या लोभाची जन्माची ऋणी,
उनसिल

जुकब्यन,
२ जुलै

चि. उनसिल हिस,
आज सगळे आशीर्वाद एकदम घे, उरले तर साहेबांना दे.

थेसिकची बोट काल भरून आली. इतके माकूल की माणसाला पाय ठेवायला जागा नव्हती. सगळा धक्का ओला होऊन नाचत होता. मी बघत उभी राहिले आणि हमसून रडले. थेसिक म्हणाला, म्हातारपणी तुला झालंय तरी काय, वसंतात नवा रंग बघून रडत होतीस आणि आता मासे बघून. मी म्हटलं, वारा डोळ्यांत जातो.

तुला आता सांगते. उल्सानचा माणूस निघणार होता त्या सकाळी मी धक्क्यावर गेले होते. तुझं ऐकायचं नाही, असं ठरवूनच गेले होते. पोराचं नुकसान बघत बसणारी आई मला व्हायचं नव्हतं. थेसिक दिवे पुसत होता. मी तोंड उघडलं, त्यानं वर पाहिलं, आणि माझ्या तोंडून निघालं, जेवलास का. तो हसला आणि हो म्हणाला. मी घरी आले आणि दार लावून बसले. बोलले असते तर बोट त्याच माणसाबरोबर उल्सानला गेली असती, आणि काल या धक्क्यावर आम्ही दुसऱ्याच्या बोटीतले मासे मोजत उभे असतो.

हे त्याला कधीच कळायचं नाही, आणि कळूही नये. पण उनसिल, एवढं मोठं काही आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या हातून झालं, आणि ते बोलायला सगळ्या जगात मला तू एकटी आहेस. रजा मिळाली की ये. दार लावून घेऊ, आणि मी तुला सगळं पहिल्यापासून सांगेन.

वाट बघणारी,
आई