चार स्लाइस, दोन माणसं

६ नोव्हेंबर १९८६, गुरुवार. सकाळी ७.
रिटायर होऊन सहा दिवस. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेत, त्यातली शेवटची नऊ हेडक्लार्क. आजवर दुसऱ्यांच्या नोंदी केल्या, आता स्वतःच्या. ही वही कोणी वाचायची नाही.
ठराव पहिला: घराला शिस्त. एकतीस वर्षांच्या संसारात मी आणि सौ. एकदाही एकत्र न्याहारीला बसलेलो नाही. ती घावनं घालते, मी गरम गरम खातो आणि ऑफिसला पळतो. ती कधी खाते ते मी पाहिलेलं नाही. दोष घावनाचा आहे. एकेक करून होणारा पदार्थ, त्यात दोघांना एकदम बसायची सोयच नाही. घरात आम्ही दोघंच, मूलबाळ नाही, तरी ही अवस्था.
उपाय: टोस्टर. चार स्लाइसचा. दोन मला, दोन तिला. एकदम वर येणार, एकदम बसायचं.
सौ.ला सांगितलं. म्हणाली, चार कशाला, मला हल्ली एवढं जात नाही. दिवाळीची चकलीसुद्धा तिने खाल्ली नाही, घशाला टोचते म्हणाली. यंदा भाजणी जाडसर दळून आली होती. मी तेव्हाच म्हटलं होतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार.
बाजारात तीन दुकानं पाहिली. रीतसर तक्ता केला. जाळीचा, स्टोव्हवर धरायचा: एका वेळी एक स्लाइस. बाद. दोन झडपांचा, विजेचा: दोन होतात, पण मध्येच उघडून उलटायचे. म्हणजे सौ. पुन्हा उभीच. बाद. चारांचा, आपोआप वर येणारा: मुंबईहून मागवावा लागेल. दुकानदाराने किंमत सांगितली. मी तक्त्याची घडी करून खिशात ठेवली.
सौ. म्हणाली, बाजारात गेलातच होतात तर डॉक्टरांकडे नंबर लावून यायचं होतं. घास पाण्याबरोबर उतरवावा लागतो म्हणे. ॲसिडिटी. सोडा दिला. एका वेळी एकच काम हातात घ्यावं, हे मी ऑफिसात सगळ्यांना सांगायचो.

१९ नोव्हेंबर, बुधवार.
टोस्टर मिळाला! धाकू घेऊन आला. धाकू म्हणजे आमच्या ऑफिसातला शिपाई, राहणार बंदरावरच्या मिरकरवाड्यात. त्याचा मेहुणा मस्कतहून सुट्टीवर आलाय, त्याने आणलेला. घरात कोणी हात लावत नाही. मेहुण्याची बायको म्हणते, याच्यात बांगडा भाजता येत नाय तर मी ह्याचा करू काय. परवडेल अशा किमतीत सुटला. चकचकीत आहे, आपलं तोंड दिसतं. बाजूला एक ते सहा आकड्यांचं बटण.
धाकू जाताना म्हणाला, वयनी लय वाळल्यात, सायेब. मी म्हटलं, दिवाळीचं काम पडलं ना अंगावर. धाकूला नोकरीतही असल्याच नको त्या गोष्टी दिसायच्या, फायली कधी दिसायच्या नाहीत.

२२ नोव्हेंबर, शनिवार.
मस्कतच्या पिना चौकोनी, आपल्याकडच्या भोकात जात नाहीत. आत्माराम वायरमनने पिन बदलून दिली. बटण दाबलं. टोस्टरच्या तारा लाल झाल्या, फार सुंदर दिसल्या, आणि फ्यूज उडाला. आत्माराम म्हणाला, ही बत्तीची लाइन, हिच्यावर हा हत्ती चालायचा नाही, पॉवरची वायर वेगळी ओढायला हवी. कधी? बघू, हातात दोन कामं आहेत.
तोवर टोस्टर कपाटावर, सौ.च्या जुन्या नऊवारीचा तुकडा पांघरून. डॉक्टरांकडे वायरिंग झालं की जाऊ असं ठरवलं. सौ. आत निघून गेली. पटलं असावं.

१३ डिसेंबर, शनिवार.
तीन आठवड्यांनी वायर ओढून झाली. लगेच बेकरीत. बेकरीवाल्याने पाव कागदात बांधता बांधता विचारलं, कोण आजारी आहे?
या गावाचं हे असं आहे. पाव म्हणजे तापातलं खाणं. धडधाकट माणसाने पाव घेतला की लोकांना थर्मामीटर दिसतो. मी ठणकावून सांगितलं, आमच्या घरात कोणी आजारी नाही.
पाव अख्खा. विळीवर कापला. स्लाइस जाड झाले, खाली गेले ते वर आलेच नाहीत. धूर. शेवटी टोस्टर अंगणात उलटा करून आपटला. कोळसे कावळ्यांनीही घेतले नाहीत.
ठराव: कापलेलाच ब्रेड. तो कोल्हापूरहून एसटीने येतो, मंगळवारी आणि शुक्रवारी.

१६ डिसेंबर, मंगळवार. सकाळी ९.३०.
यश. बटण तीनवर. चारही एकदम वर आले. सौ. दचकली आणि मग पदर तोंडाला लावून हसली. फार दिवसांनी हसली.
दोघं एकदम बसलो. माझे दोन स्लाइस तीन मिनिटांत संपले. तिने चहात बुडवून बुडवून दीड खाल्ला, अर्धा तास लागला. मी उठलो नाही. एकत्र म्हणजे एकत्र. मला फार बरं वाटलं, हे इथे लिहून ठेवतो.

२० डिसेंबर, शनिवार.
यश अपेक्षेपेक्षा मोठं. सौ.ने घावन सोडलं, भाकरी सोडली, भातही सोडला. फक्त टोस्ट, तोही चहात भिजवून मऊ गोळा करून. इतकी चटक लागेल असं वाटलं नव्हतं. एकतीस वर्षांत मी सुचवलेली एकही गोष्ट तिने एवढी मनावर घेतली नव्हती.
प्रमाण मात्र घटलंय. तिचा एक, माझे तीन.

२६ डिसेंबर, शुक्रवार.
गावाने ताळ सोडला. मी आठवड्यात दोनदा ब्रेड घेतो एवढ्यावरून आमच्या घरात कोणीतरी अंथरुणाला खिळलंय असं ठरलं. शेजारच्या कमलाताई शहाळं घेऊन आल्या. मी दारातच सांगितलं, कोणी आजारी नाही, आम्ही आवडीने खातो. त्या सरळ आत गेल्या. तासभर दार लोटलेलं.
बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल. म्हणाल्या, भाऊजी, तिच्या बांगड्या कोपरापर्यंत जातायत, तुम्ही रोज समोर बसता ना? मी म्हटलं, काचेच्या बांगड्या हल्ली मोठ्याच येतात. म्हणाल्या, उद्याच्या उद्या डॉक्टर.
मुद्दा विचारात घेतला. सोमवारी नक्की.

२९ डिसेंबर, सोमवार.
सकाळीच टोस्टरचे डावीकडचे दोन कप्पे थंड पडले. आत्माराम एक वाजेपर्यंत सापडला नाही. मग त्याने उघडून बसवला. दोन वाजले. डॉक्टर एक वाजता दवाखान्यातून उठतात. आता गुरुवारी.
रात्री सौ.ला चहासुद्धा उलटला.

२ जानेवारी १९८७, शुक्रवार.
काल मी उठायच्या आत कमलाताई सौ.ला रिक्षात घालून डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. माझ्या घरातून, मला न विचारता. आज डॉक्टरांनी मला बोलावलं. किती दिवस अडकतंय, विचारलं. मी टोस्टपासूनच्या तारखा सांगितल्या, लिहिलेल्या त्याच आहेत. ते म्हणाले, त्या नको, चकली टोचली तेव्हापासूनची सांगा. म्हणजे सौ.ने त्यांना चकलीचं सांगितलं होतं.
मिरजेला न्या, दुर्बिणीने बघावं लागेल. मग म्हणाले, दोन महिने काय करत होतात? उत्तर या वहीत आहे, आणि ही वही कोणी वाचायची नाही.

९ जानेवारी, शुक्रवार. मिरज.
गाठ आहे. अन्ननलिकेत. ऑपरेशनच्या पुढे गेली म्हणाले. डॉक्टर तरुण आहे. तरुण डॉक्टर उगाच घाबरवतात.
येताना आंबा घाटात सौ.ने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. एसटीत, चारचौघांत. आयुष्यात पहिल्यांदा. वजनच लागलं नाही.

२५ जानेवारी, रविवार.
पातळच द्यायचं आहे. विचार करून मार्ग काढला. टोस्ट बटण चारवर कडक भाजायचा, खलबत्त्यात कुटायचा, पूड वस्त्रगाळ करून दुधात. टोस्ट तोच, फक्त रूप वेगळं. आठवड्याभरात अंगात ताकद येईल, मग पुन्हा स्लाइसवर येऊ.
दोन चमचे गेले. तिसरा बाहेर आला. कमलाताईंनी पेजेचं पाणी आणलं होतं ते चार चमचे गेलं. पेज गरम होती म्हणून.

८ फेब्रुवारी, रविवार.
सौ. म्हणाली, आज तुमचे टोस्ट इथे माझ्याजवळ बसून खा. मी म्हटलं, तुला खाता येत नाही, तुझ्यासमोर कसा खाऊ? म्हणाली, एकत्र बसायचं होतं ना तुम्हाला?
कॉटशेजारी स्टूल ओढून बसलो. ती डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, कुरकुर आवाज छान येतो. मग म्हणाली, दोनच भाजायचे तर बाकीचे दोन कप्पे बंद नाही का करता येत? नाही येत. मी बटण, झाकण, खालची पट्टी सगळं तपासलं. चारही तापतातच.
दुसरा स्लाइस मला संपवता आला नाही. लोणी कमी पडलं असावं.

१६ फेब्रुवारी, सोमवार.
आज सौ.ने मला कुकर लावायला शिकवला. कॉटवरून. तांदूळ किती, पाणी बोटाच्या कुठल्या पेरापर्यंत, शिट्ट्या किती. आवाज बसलाय, कान तोंडापाशी न्यावा लागतो. म्हणाली, मी गेल्यावर पावावर दिवस काढू नका, लोकांना वाटेल आजारी आहात.
मी रागावलो. म्हटलं, टोस्टर असताना कुकर कशाला, आणि तू कुठे जात नाहीस. ती म्हणाली, शिट्ट्या तीन, लिहून ठेवा.
लिहून ठेवतो. शिट्ट्या तीन.

२४ फेब्रुवारी, मंगळवार.
वासंती गेली. पहाटे पावणेसहाला. कोल्हापूरची गाडी आठला येते.

२८ फेब्रुवारी, शनिवार.
सुतक. डबा कमलाताईंकडून येतो. बायका येतात, म्हणतात अहेव गेली, भाग्याची. काय भाग्य, दोन महिन्यांवर पोटात भाकरीचा तुकडा नाही. बोलायला लागलो तर दोन महिने काय करत होतात, इथपर्यंत जावं लागेल.
धाकू आला, दारात बसून रडला. नोव्हेंबरात त्याला दिसलं होतं. मला टोस्टर दिसत होता.

१३ मार्च, शुक्रवार.
सुतक फिटून पाच दिवस झाले. ठराव: आजपासून स्वतःचं स्वतः. सकाळी कुकर लावला. शिट्ट्या तीन मोजल्या. उघडला तर खाली करपलेला, वर कच्चा. पाणी पेरापर्यंत घातलं होतं, पण कुठल्या पेरापर्यंत ते लिहायचं राहिलं.
एसटी स्टँडवर जाऊन ब्रेड घेतला. बुरोंडीची गाडी लागत होती. तिच्यातून राजाभाऊ उतरले. एके काळी माझ्या शेजारच्या टेबलावर होते, रिटायर होऊन गावी गेले, त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. त्यांनी माझ्या हातातला ब्रेड पाहिला आणि थांबले. म्हणाले, काय हो, घरात कोण आजारी आहे?
मी म्हटलं, कोणी नाही.
ते म्हणाले, मग बरं आहे. आणि रिक्षा बघायला गेले.