काळ्या दगडावरचे डावे घाव

बा, परवा मी इथे परदेशात, पोराकडे, एक किल्ला पाहून आले. हसू नकोस, आधी मीही हसले होते. पोरानं त्याच्या घरून, हॉर्नबीहून, पाच-सहा तास गाडी हाकली आणि आम्हाला पार दक्षिणेला नेलं, डनीडनच्या बाहेर, समुद्रात घुसलेल्या एका डोंगरावर. खाली उतरून मी म्हटलं, "ह्याला किल्ला म्हणतात? तट नाही, तोफ नाही, चोरवाट नाही. कुठल्या तरी शेठचं घर आहे हे." सून म्हणाली, "आई, तिकिटं काढलीत आता. छान म्हणा." ती पुण्याची, शिकलेली. माझ्या जिभेला घाबरत नाही, म्हणून आमचं जमतं.

आत गेल्यावर मात्र जीभ आपोआप गप्प झाली. छताच्या लाकडावर अशी कोरीव वेलबुट्टी, की मान वर केली ती खाली येईना. अरुंद जिना गुडघे धरधरून चढले आणि गच्चीवर आले, तर खाली हिरवे डोंगर, त्यांच्यावर सांडलेल्या चुरमुऱ्यांसारखी मेंढरं, आणि दोन डोंगरांच्या मधे समुद्र असा आत आलेला, जणू कुणी हात लांब करून निजलंय. एवढ्या उंचावर एकेक दगड कुणी चढवला असेल? बैलांनी? माणसांनी? मी कठडा धरून तिथेच खाली बसले. पोरगा घाबरला, म्हणाला, "आई, चक्कर येतेय का?" बाग तर त्याच्याही वरताण. माडाएवढे नेचे, आणि हिरवळ अशी की सारवलेलं अंगणच. मी जॅन्डल काढून हातात घेतले. नात म्हणाली, "आजी, इट्स ओके, यू कॅन वॉक ऑन इट." म्हटलं, चालतेच आहे की, पण चपला घालून नाही.

ही नात बारा वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. तिच्या शाळेत प्रत्येकानं उभं राहून सांगायचं असतं, माझा डोंगर अमुक, माझी नदी तमुक, माझी माणसं ही. पेपेहा म्हणतात त्याला, इथल्या मूळच्या लोकांची रीत. पुढच्या आठवड्यात तिचा नंबर आहे. महिनाभर माझ्या मागे लागली होती, आणि मी तिला सांगितलं, तुझे पणजोबा मोठे कंत्राटदार होते, त्यांनी पूल बांधले. तिनं वहीत सुवाच्य लिहून घेतलं. बा, ही थाप तिच्यासाठी नव्यानं मारलेली नाही. तुझ्या जावयानं आणि मी ती पोराच्या सोयरिकीच्या वेळी रचली होती. तुझा जावई छापखान्यात कामाला, मी दुसरी पास, त्यात आजोबा खाणीवर पालात राहणारा पाथरवट म्हटलं, तर पुण्याच्या लोकांनी चहासुद्धा घेतला नसता. मग थाप इतकी वर्षं राहिली, की पोरालाही तीच खरी वाटते. तुला त्यानं कधी पाहिलंच नाही ना.

तर किल्ल्याला दर्शनी बाजूला पांढरा दगड लावलाय, ओमारूकडचा. करवतीनं कापता येतो म्हणे. लोणीच ते. त्यावरची नक्षी, आणि तिच्यासमोर उभं राहून फोटो काढणारी गर्दी. पोरगा नि सून चहा-स्कोन आणायला गेले, तशी मी नातीला घेऊन मागच्या बाजूला वळले. तिथे घोड्यांच्या पागेची जुनी भिंत आहे. आणि ती काळी. आपलाच काळा दगड, बा! ऊन पडलं की निळसर मारतो तो. पृथ्वीच्या ह्या टोकाला तो भेटेल असं मला वाटलं नव्हतं. मी हात लावला.

खाणीवर मी तुझ्या टाक्या लोहाराकडे धार लावायला न्यायची. शाळेतून काढलंस ते त्याच कामाला. एकदा मी तुझे घडवलेले दगड दुसऱ्याच्या ढिगात टाकले, तेव्हा तू माझी मान धरून मला दगडावर वाकवलंस. "आंधळी आहेस? बोट फिरव." मी रडत रडत बोट फिरवते आहे. बाकीच्यांचे घाव उजवीकडून खाली डावीकडे उतरतात, तुझे उलटे. तू डावखुरा. त्यानंतर मी कधी चुकले नाही.

आणि बा, त्या भिंतीत कमरेच्या उंचीवर चार दगड तसेच आहेत. उलटे. आधी वाटलं, म्हातारीची बोटं चुकली. परत फिरवली. शेजारचे सगळे एका बाजूला, हे चार दुसऱ्या बाजूला, आणि घाव असे एकसारखे, की टाकी एकदाही उगाच उचललेली नाही. हे घडवणाऱ्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नसेल. मी कितीतरी वेळ तिथेच होते. देवळात गेले तर मी सगळीकडे बघत असते, हात जोडायचे राहून जातात. इथे ते आपोआप जोडले गेले.

नातीला म्हटलं, "हे डावखुऱ्यानं घडवलेत." तिथे गमबूट घातलेली एक म्हातारी माळीण वाफ्यात गुडघ्यावर बसली होती. नातीनं तिला सांगितलं. ती उठली, मला "किया ओरा" म्हणाली, म्हणजे इथला रामराम, मातीची बोटं झग्याला पुसली आणि तिनंही दगडावरून हात फिरवला. मग तिचे डोळे मोठे झाले. म्हणाली, इथे हीप्स ऑफ पीपल येतात, ह्या भिंतीला कुणी हात लावत नाही. हिला कसं कळलं?

"आजी, हाऊ डू यू नो?"

नेमके तेव्हाच पोरगा आणि सून ट्रे घेऊन आले. तिघं-चौघं माझ्या तोंडाकडे बघतायत. 'पुस्तकात वाचलं' म्हणाले असते, तरी चाललं असतं. पण हात अजून त्या दगडावर होता, आणि त्याच्यावर हात ठेवून खोटं बोलवेना.

"माझा बा पाथरवट होता," मी म्हटलं. "डावखुरा. खाणीवर पालात राहायचा. मीही."

"कंत्राटदार ना गं?" पोरगा म्हणाला.

"कंत्राटदार कसला! पायात वहाण नव्हती त्याच्या."

पोरगा ट्रे धरून तसाच उभा. चहा सांडून स्कोन भिजले तरी कळलं नाही त्याला. सून म्हणाली, "माझ्या बाबांना तुम्ही तीन पूल सांगितले होते, आई. तीन!" आणि तिला हसू फुटलं. मग मलाही. नात मात्र हसली नाही. "सो आय हॅव टु चेंज इट," म्हणाली. पेन काढून भिंतीशी फतकल मारून बसली आणि विचारत सुटली. पाल म्हणजे काय, टाकी केवढी, डोंगर कुठला. मी म्हटलं, "डोंगर आता नाही. फोडून संपवला त्यांनी." तिनं तेही लिहून घेतलं.

सगळं सांगितलं तिला. एक सोडून.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. तू गेलास त्याला चाळीस वर्षं झाली आणि तुला वाचता कुठे येत होतं. म्हणूनच लिहिता येतंय. लग्नानंतर तू एकदाच माझ्या दारात आलास, केसांत दगडाची भुकटी, खांद्यावर टाक्यांची पिशवी. शेजारीण दारातच होती. कोण गं हे, तिनं विचारलं. मी म्हटलं, "टाकीवाला." तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि विचारलंस, "पाटा कुठाय, बाई?" आणि दारोदार फिरणाऱ्या टाकीवाल्यासारखा उंबऱ्याबाहेर बसून माझ्या गुळगुळीत झालेल्या पाट्याला टाकी लावून दिलीस. मी चहा दिला, तो कान तुटलेल्या कपात. घरात चांगले कप होते, बा.