नव्या दोराच्या गाठी

मामा, तुमच्या वह्या उद्या अंबाजोगाईला चालल्यात. तिथल्या कॉलेजात संशोधन करणारी एक मुलगी आठवडाभर आपल्या ओसरीवर बसून त्यांचं एकेक पान स्कॅन करतेय. पाणंदीकडच्या विहिरीत पाणी काठापासून किती हात खाली आहे, ते तुम्ही दर अमावस्येला मोजलंत. शाळेत मास्तर होतात तेव्हाही आणि घरी बसल्यावरही. ते सगळं आता म्हणे एका संग्रहात कायमचं जपून ठेवणार, आणि ज्याला हवं त्याला बघता येणार. सुनेच्या तोंडून हे ऐकून तुम्ही आधी एवढंच विचारलं असतं, की वह्या परत कधी देणार.

तुमचा उजवा पाय लकव्यानं गेला आणि हाताहातावर गाठी मारलेला, पाणी मोजायचा दोर माझ्याकडे आला. पहिल्याच अमावस्येचं मला आठवतं. मी भाकरी थापतेय, तुम्ही दाराशी बाजेवर वही उघडून बसलाय. मी म्हणते, "मागच्यासारखंच हाय पाणी, मामा." तुम्ही विचारता, "दोर सोडलास का?" मी म्हणते, "वरून दिसतंय की." तुम्ही वही मिटता. "डोळ्यानं बघितलेलं पाणी वहीत न्हाई लिव्हायचं. जा." तव्यावरची भाकरी तशीच टाकून मी गेले. राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण ऊसतोडीहून परतलेली माणसं डोक्यावरचं ओझं उतरवायच्या आधी "गुरुजी, पाणी किती?" म्हणून तुमच्याच दारात का थांबायची, ते मला तेव्हापासून कळायला लागलं. पुढच्या वर्षी तुम्ही मला एक पेन दिलंत आणि म्हणालात, आता आकडा तूच लिहीत जा. तरी वही शेवटपर्यंत तुम्हीच लिहिलीत, पेन नुसतं माझ्याकडे राहिलं.

परवा त्या मुलीनं सगळे आकडे कॉम्प्युटरवर चढवून मला त्यांची रेघ दाखवली. उन्हाळ्यात खाली, पावसाळ्यात वर, अशी ती नेमानं चाललेली. मग एका अमावस्येला ती एकदम दोन हात खाली जाते आणि पुन्हा कधी पूर्वीच्या जागी येत नाही. "काकू, या वर्षी काय झालं होतं?" तिला वाटलं दुष्काळ असेल. तिला एक फॉर्म भरायचा होता, मोजायचं साधन कुठलं, ते कधी बदललं का, असं त्यात विचारलेलं. त्या महिन्यात जुना दोर मध्ये कुजला होता, आणि नव्या दोराला गाठी मी मारल्या होत्या, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, असं माझ्याच हातानं मोजून. तुम्ही चांगले उंचेपुरे, मी ही एवढीशी. माझा हात आखूड, म्हणून तेवढ्याच खोलीला माझ्या दोन गाठी जास्त लागणार, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. आपल्याकडे हात म्हणजे हात, कुणाचा ते कोण विचारतं.

मी तिला सांगून टाकलं. तिनं टेप काढून माझा हात मोजला आणि म्हणाली, "गुरुजींचा?" आम्ही ट्रंकेतला तुमचा सदरा काढला, पण बाहीवरून कोपर कुठं होतं ते कळेना. फोटोत तुम्ही हाताची घडी घालून बसलाय. जुना दोर वासराला बांधायला घेतला होता, तो केव्हाच गेला. विहीर दोनदा खोल केली, कठडाही नवा बांधला, म्हणून तिथूनही ताळा लागेना. ती बिचारी हळूच म्हणाली, "मग इथून पुढच्या आकड्यांपुढं 'खात्रीचे नाहीत' असं लिहावं लागेल, काकू." तुमच्या वहीपुढं हे शब्द, आणि ते माझ्यामुळं.

एवढ्यावरच असतं तरी सोसलं असतं. पण त्या दोन हातांनी तुम्हाला घोर लावला. येईल जाईल त्याला तुम्ही सांगायचात, "एका महिन्यात दोन हात उतरलं, आता काय खरं न्हाई." विहीर आणखी आटेल म्हणून ह्यांना बोअर घेऊ दिलं नाहीत, बापलेकांचं बोलणं कितीतरी दिवस बंद होतं. जाताना तुमच्या जिवाला पाण्याचीच काळजी होती. पुढं पाणी खरंच आटलं, पण त्यातलं पाणी किती आणि मी किती, हे आता कुणाला सांगता येणार नाही. परवापासून मी बसून वजाबाकी करतेय, जमत नाही.

ही मी लिहिलेली पानं तुमच्या वहीत ठेवावीत असं मनात होतं. पण ती मुलगी आतला एकेक कागद स्कॅन करते, म्हणून ती माझ्याजवळच राहतील. तिला मी सगळं सांगितलं, एक सोडून. त्या अमावस्येला आकडा ऐकल्यावर तुमचं पेन थांबलं होतं, मामा. तुम्ही विचारलं होतं, "जुना दोर शेजारी ठेवून गाठी घेतल्यास ना?" तो दोर तिथंच कोपऱ्यात पडला होता, आणि मी "व्हय" म्हणाले होते.